अस्वलाचे पाच हप्ते

ह्या गोष्टीत शेवटी रडलं कोण, ते आधीच सांगा रं पोरांनो. बरोबर निघालं तर माझी अर्धी मिशी तुमची! कोल्ह्याचं नाव आलं की 'तो न्हाय रडायचा' म्हणून लगेच हात वर कराल, ठावं हाय मला. करा, करा. फसाल.

तर एका डोंगराच्या कपारीत एक अस्वल राहायचं. त्या रानाचा कायदा असा, की ज्याच्या झाडाला मध लागतो त्यानं वर्षाला एक पोळं सरकारात भरायचं. अस्वलानं पाच वर्षं बोटभर मध भरला नव्हता. नोटिशीचं पान आलं की ते खाली अंथरायचं आन् त्यावरच घोरायचं. शेवटी कावळा शिपाई फांदीवर येऊन ओरडला, "अस्वलराव, होळीच्या आत पाच पोळी भरा, न्हायतर तुमच्या मधाच्या झाडाला सील!" झाडाला सील म्हणजे पोटालाच सील की! अस्वलाची झोप उडाली.

एकदम पाच पोळी आणायची कुठनं? हप्ते मागावे म्हणून ते वडाखालच्या कचेरीकडं निघालं. पण म्हातारं वानर साहेब लांबून दिसलं आन् अस्वल झुडपामागं दडलं. तेवढ्यात कोल्हा आडवा आला. "आत जाऊ नका दादा, साहेब लई कडक. हप्ते मी बांधून देतो. दर सोमवारी एक पोळं माझ्याकडं द्या, मी भरतो." अस्वल म्हणालं, "देतो. पण पावती पायजे. आई सांगून गेलीय, दिलं की पावती." कोल्हा पोट धरून हसला. चिखलात पंजा बुडवला, पळसाच्या पानावर ठप्पा हाणला. "घ्या! सरकारी पावती!"

पाच सोमवार माश्यांनी अस्वलाचं नाक सुजवलं, पाच पानं गोळा झाली. होळीच्या आदल्या दिवशी कावळा पुन्हा हजर, "उद्या सील!" आता मात्र अस्वल रडत-पडत थेट वानरापुढं गेलं आन् पानं टाकली. वानर म्हणालं, "अरे खुळ्या, हप्ते तर मी फुकट बांधून देतो. तोंड उघडून मागायचं फक्त! आन् हा ठप्पा आमचा न्हाय. बोटं चार, त्यातलं एक तुटकं. बोलवा कोल्ह्याला!" पंजा पानावर ठेवला, तो नेमका बसला. वानर म्हणालं, "सरकारच्या नावानं घेतलंस ते सरकारचं. अस्वलाचं फिटलं. पाच पोळी आता तू भर."

पोळी तर कोल्ह्याच्या पोटात जिरलेली! तो भोकाड पसरून म्हणाला, "साहेब, हप्ते तरी बांधून द्या!"

"देतो की. म्हयन्याला एक."

कोल्ह्याला झाडावर चढता येतं थोडंच? गेला अस्वलाच्या पाया पडायला. अस्वल पालथं पडून म्हणालं, "पोळं मिळंल. आधी पाठ खाजीव. मी बास म्हणेपातूर." पाच म्हयन्यांत पाच पोळी भरली, पण कोल्ह्याच्या पंजाला एक नख उरलं न्हाय. अस्वलाच्या पिसवा मात्र सगळ्या त्याच्या अंगावर राहायला आल्या.

तात्पर्य : देणं थकलं तर घेणाऱ्याच्या दारात सोता जाऊन बोलावं, वाटेत भेटलेल्या शहाण्याच्या हातात काही दिलंच, तर त्याचा पंजा उमटवून घ्यावा.