शेंड्यावरचा पहारेकरी

माळावर माणसांची वस्ती नव्हती तेव्हाची गोष्ट. तिथल्या बाभळीवर सातभाई पक्ष्यांचा थवा राहत असे. एकाने शेंड्यावर बसून पहारा करायचा, बाकीच्यांनी खाली किडे टिपायचे, आणि थोड्या वेळाने पाळी बदलायची, अशी त्यांची रीत.

थव्यातल्या ठेंगूला आपल्या पाळीत शेंडा फार आवडला. पाळी संपत आली तसा तो ओरडला, "ससाणा!" सगळे झुडपात दडले.

"बघा, माझ्या नजरेमुळे वाचलात!" ठेंगू म्हणाला. "यापुढे पहारा मीच करणार."

म्हातारी भुरी म्हणाली, "अरे, आभाळ तर मोकळं होतं."

"मावशी, ससाण्याला फितूर झालीस की काय?"

झालं! थव्याने भुरीलाच हाकललं.

मग ठेंगू दिवसातून दहादा ओरडू लागला. दडण्यातच दिवस सरू लागले, पोटं खपाटीला गेली. काही भुकेने मेले, उरलेले गुपचूप दूर निघून गेले. खालची शांतता ऐकून ठेंगूची छाती फुगली. काय हा आपला दरारा!

एके दिवशी खरंच ससाणा आला. ठेंगू जीव तोडून ओरडला, "ससाणा! ससाणा!"

ससाणा शेजारी येऊन बसला. त्याने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "कुणाला सांगतोयस?"