मारलेली फुली, काढलेली फुली

एका राज्यात धर्मकेतु नावाचा राजा होता. त्याला 'नको' म्हणायची फार हौस. पण तोंडाने म्हणत नसे. तांबड्या शाईची लेखणी उचलायचा आणि नको त्यावर फुली मारायचा. नको ते झाड, मार फुली. नको तो माणूस, मार फुली. एकदा यज्ञाच्या निमंत्रणांची यादी समोर आली, तेव्हा त्याने घनकर्ण जादूगाराच्या नावावर फुली मारली.

घनकर्ण न बोलावता आला. म्हणाला, "राजा, तुला फुलीचा एकच अर्थ ठाऊक. नाही. आजपासून तुझ्या राज्यात तोच चालेल. जिथे फुली, तिथे काही उरणार नाही."

तसेच झाले. तोडायला खूण केलेल्या चिंचा कुऱ्हाड लागण्याआधीच नाहीशा झाल्या. बायकांच्या चोळ्यांवर फुल्यांचा टाका होता, त्या चोळ्या वाळता वाळता गेल्या.

मग राजकन्या मधुरेखेची पाळी आली. तिच्या नाकात खड्याची चमकी होती, आणि त्या देशात चमकीला फुलीच म्हणत. शाप शब्दाने बांधलेला असतो, तो नाक पाहत नाही. पहिल्या दिवशी तिची पावले गेली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत काही उरले नाही. नाकातली फुली काढायला जो हात लावी, त्याचे बोट जाई.

ती फुली घडवली होती नारोबा सोनाराने. नाकही त्यानेच टोचले होते, पोर पाच वर्षांची असताना. म्हातारा दरबारात येऊन खाली मान घालून उभा राहिला.

"नारोबाकाका," राजकन्या म्हणाली, "तेव्हा म्हणालात, मुंगी चावेल एवढंच. ही कसली हो मुंगी?"

"चुकलो, बाई," नारोबा म्हणाला, आणि तसाच डोंगर चढून घनकर्णाकडे गेला.

घनकर्ण म्हणाला, "फुलीचे दुसरे तीन अर्थ आण. ज्यांचे आहेत, त्यांच्याकडून आण. मुलीचे कपाळ जाण्याआधी ये."

नारोबा अरण्यात गेला. तिथे एका शिळेवर फुली कोरलेली, आणि शिळेवर एक साळुंकी बसलेली. शिळेखाली शापित धन होते. त्याला हात लावणारे सात जण आजूबाजूला दगड होऊन उभे होते.

"ये, आठवा!" साळुंकी म्हणाली. "किती उचलणार?"

"धन नको, बाई. या फुलीचा अर्थ सांग."

साळुंकी खूप हसली. "एवढं चालून आलास ते शब्दासाठी? अर्थ साधा आहे. येथे. जे शोधतोस, ते येथे."

नारोबाने नमस्कार केला आणि पुढे निघाला.

एका गुहेत गुणवंती नावाची जादूगारीण राहत होती. तिने एका बाजूला तीन दाणे ठेवले, दुसऱ्या बाजूला चार ठेवले, मध्ये फुली काढली. बारा दाणे झाले.

"हिला आम्ही गुणिले म्हणतो," ती म्हणाली.

"म्हणजे फुली वाढवते?"

"शेजारी कोण बसतो ते बघते. शून्य बसवलंस तर सगळं शून्य. फुलीला कशाला बोल लावतोस?"

तिसरा अर्थ नदीपलीकडे होता. तिथल्या लोकांची बोली नारोबाला कळेना, त्याची त्यांना कळेना. एका म्हातारीने त्याला भाकरी दिली. त्याने वाळूत फुली काढली आणि हाताने विचारले, हे काय? म्हातारीने फुलीवर बोट ठेवले, मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवले. त्या देशात अक्षर कुणालाच येत नसे. नावाच्या जागी सगळे फुली काढत. हे नारोबाला न सांगता कळले. त्यालाही अक्षर येत नव्हते.

तो परतला तेव्हा आसनावर राजकन्येचा नुसता चेहरा उरला होता. घनकर्ण येऊन बसला होता.

"येथे. गुणिले. मी," नारोबा म्हणाला.

"बरोबर," घनकर्ण म्हणाला. "पण शाप ज्या हातामुळे लागला, त्याच हाताने सुटेल. यांतल्या एका अर्थाने राजाने फुली काढावी. मनात 'नाही' असेल, तर राजाच जाईल."

धर्मकेतूने लेखणी उचलली. "कशावर मारू?"

"मारू नका, महाराज," नारोबा घाईने म्हणाला. "मारलीत की गेलात. काढा."

"आणि तरी गेलो तर?"

"तर गेलात. काय करणार? पोरीची हनुवटी आत्ताच गेली, बघा."

राजाने पाहिले. मग कागद ओढला आणि एक ओळ लिहिली: ही माझी लेक आहे, हिला मी सांभाळीन. खाली सही हवी होती. सहीला त्याचे नाव लांबलचक होते, सात पदव्यांचे. ते त्याने लिहिले नाही. त्या जागी त्याने एक फुली काढली आणि डोळे मिटून घेतले.

राजा आहे तिथेच राहिला. आधी फरशीवर दोन पावले दिसली, मग गुडघे, मग हात. राज्यातले जे जे गेले होते ते ते जागेवर आले.

राजकन्या वाकून कागदाकडे बघत होती.

"बाबा, वाकडी आली."

"पहिलीच आहे," राजा म्हणाला.

ज्याचे गेले होते ते त्याला मिळाले. ऐकणाऱ्याचे कधी न जावो.