एकही गोळी न झाडता

मुरगूडच्या पोस्टात शिक्के मारता मारता शोभना कुंभोजकरने पहिली कादंबरी लिहिली. तीत परग्रहावरचे परके गावात उतरतात आणि एकही गोळी न झाडता गाव ताब्यात घेतात. प्रकाशनाला पुण्याचे समीक्षक प्राध्यापक सरंजामे आले. माईक हाती येताच त्यांनी कादंबरीची पार चिरफाड केली. शोभनाचं तोंड एवढंसं झालं.

शेवटी सर गरजले, "कुणी उपटसुंभ परका येतो आणि अख्खं गाव मुकाट त्याचं ऐकतं? बाई, हे कुणाला पटेल?"

शोभना हात जोडून उठली. "सर, तुम्ही अकराला आलात. इथं तुम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. तरी आम्ही हार घातला, शाल पांघरली, मधली खुर्ची दिली. आता दीड वाजलाय. मसालेभात गार झालाय, पोरं रडकुंडीला आलीत. पण तुम्ही बोलताय म्हणून एकसुद्धा माणूस जागचा हललेला नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं, समोरचे दमलेले चेहरे पाहिले आणि गळ्यातला हार हळूच काढून ठेवला.

"पटलं, बाई," ते म्हणाले. "घ्या, सोडलं तुमचं गाव. आता पानं वाढा."