आधी निघालेलं गाठोडं

नेपाळला गाडीने जायचं ठरलं आणि तयारी सगळी माझ्या गळ्यात पडली. टायर बदलले, सीमेवर लागणारी कागदपत्रं गोळा केली. निवृत्त प्राचार्य वामनकाकांनी उपदेश केला आणि मुहूर्त काढला, तोही सोमवारचा. निघायचं होतं गुरुवारी. मग सोमवारी त्यांनी सुपारी-तांदळाचं गाठोडं शेजारच्या देशकरांकडे नेऊन ठेवलं. म्हणाले, "प्रस्थान ठेवलं. गाठोडं गेलं म्हणजे आपण निघालो, असं धरायचं."

गुरुवारी मी स्टिअरिंगला हात लावताच काका सगळ्यांसमोर गरजले, "उतर खाली! कॉलेज सोडून पळालेल्याच्या हाती मी परदेशात गाडी देणार नाही. तू घरी थांब, मी ड्रायव्हर बोलावतो."

"कॉलेज कुठे सोडलंय, काका? माझी बॅग अजून होस्टेलवरच आहे. गाठोडं जिथे, तिथे माणूस, असंच धरायचं ना? नसेल धरायचं, तर आपला मुहूर्त हुकला. आज कोणीच निघायचं नाही."

काकू पदरात तोंड लपवून हसल्या. काकांनी देशकरांकडून गाठोडं आणलं आणि ते मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले.

मी गाडी सुरू केली.