ढोलीतली चोच

माणूस रानात शिरला नव्हता तेव्हाची गोष्ट. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. मग फटीतून नर तिला उंबरं भरवतो. एकदा एक नर परतलाच नाही. फटीत मादीची रिकामी चोच तेवढी दिसत राहिली.

थवा जमला. तिला सगळ्यांनी मिळून पोसायचं का? कबूल असेल त्याने चोच वर करायची.

"ज्याचं त्याने बघावं," तरणे म्हणाले.

एका म्हाताऱ्याने चोच वर केली.

"आजोबा, तुम्हाला ना घरटं ना पिल्लं. तुम्हाला कशाला हा पुळका?"

"माझा बापही असाच गेला. थवा वरून जायचा, आम्ही ढोलीत पंखांचा आवाज ऐकायचो. तिघं भावंडं होतो. बाहेर मी एकटाच आलो."

हळूहळू एकेक चोच वर झाली. म्हाताऱ्याने ते पाहिलं नाही. तो केव्हाच उंबराकडे उडाला होता.