चिंचेवरचा अंकुश

पूर्वी वेत्रवतीच्या काठी राजा सुयाम राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व गजवैद्यांच्या कुळात जन्माला आला आणि पुढे राजाच्या हत्तीशाळेचा वैद्य झाला. माणूस कमी बोलायचा. हत्तींना ते आवडायचे, माणसांना तितकेसे नाही.

त्या नगरात एक रीत होती. कुणाला एखादी वाईट सवय सोडायची असली, की त्याने पौर्णिमेला नदीकाठच्या पिंपळाखाली जायचे, चार लोकांसमोर काय सोडणार ते सांगायचे आणि फांदीला लाल दोरा बांधायचा. लोक वाहवा करायचे, घरी खीर व्हायची. रीत चांगलीच होती. पण ती कुंडक माहुताच्या हाती पडली, मग काय सांगावे!

कुंडकाला राग सोडायचा होता. गडी मनाने वाईट नव्हता. राग उतरला की रडायचासुद्धा. पण पाणी सांडले की संताप, गवत ओले निघाले की संताप, अंगावर माशी बसली तरी संताप. त्यात कमरेला अंकुश खोचलेला. हात एकदा तिथे गेला की तो कुणाचे ऐकायचा नाही. दर पौर्णिमेला पिंपळाखाली उभा राहून तो गर्जायचा, "आजपासून राग सोडला!" दोरा बांधला की त्याला इतके हलके वाटायचे, की जणू राग गेलाच. मग खीर खाऊन तो हत्तीशाळेत यायचा आणि दिवस मावळायच्या आत अंकुश उगारायचा. तीन वर्षे हेच चालले होते. त्याची बायको उत्पला म्हणायची, "अहो, त्या झाडाची तरी दया करा. पाने कमी नि तुमचे दोरे जास्त झालेत."

हे सगळे सोसत होती चंपिका हत्तीण. तिची आई मेली तेव्हा ती जेमतेम कुंडकाच्या कमरेएवढी होती. त्याने तिला दूध पाजून वाढवले होते. त्याला मूलबाळ नव्हते. लेक म्हणायची ती हीच. आणि त्या वर्षी भाद्रपदात चंपिकेने त्याच्या हातचे खाणे सोडले. ऊस पुढे केला की ती तोंड फिरवायची. आसपास कुणी नसले की चार पाने तोडायची, तेवढेच. तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

गोष्ट राजाच्या कानावर गेली. "माहूत बदला," राजा म्हणाला. "हत्तीण उत्तरेच्या तळावर पाठवा. दुसऱ्याच्या हातून खाईल." हे ऐकून कुंडकाच्या पायांखालची जमीनच सरकली.

वैद्याने चंपिकेला तपासले. जीभ, डोळे, नखे, सगळे ठीक होते. मग तो नुसता बसून पाहत राहिला. कुंडकाचा हात कमरेकडे गेला, तोही घाम पुसायला, तरी चंपिका डोळे मिटून घेत होती.

वैद्य राजाकडे गेला. "महाराज, शरद पौर्णिमेपर्यंत अवधी द्या."

"दुसरा माहूत दिला तर ती उद्या खाईल. तुम्ही कशाला हा व्याप अंगावर घेता?"

"ती खाईल, महाराज. पण कुंडक तसाच राहील, आणि उद्या दुसऱ्या हत्तीपाशी उभा राहील."

"आणि तोवर तिने त्याच्या हातून नाही खाल्ले तर?"

"तर त्याच्याबरोबर मलाही काढा."

राजाने अवधी दिला. कुंडक धावतच आला नि त्याने वैद्याचे पाय धरले. "वैद्यराज, उद्याच पौर्णिमा आहे. दोरा बांधतो. या वेळी दोन बांधतो!"

"एकही बांधू नकोस," बोधिसत्त्व म्हणाला. "राग सोडू नकोस आणि अंकुशही सोडू नकोस. फक्त तो कमरेला नको. तळ्यापलीकडच्या चिंचेला टांग. लागेल तेव्हा जा, घेऊन ये. काम झाले की परत टांगून ये. आणि चंपिकेच्या पायातली साखळी काढ. उपाशी जीव, पळून जाणार कुठे?"

"एवढेच?"

"एवढेच. पण रोज."

कुंडकाला हे फारच किरकोळ वाटले. चिंच साठ पावलांवर होती. पहिल्या दिवशी तो नऊ वेळा गेला आणि नऊही वेळा अंकुश घेऊन परत आला. मारलाही. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून कुरकुरला. वैद्याने त्याला तेल दिले. तिसऱ्या दिवशी मात्र तळ्याच्या बांधावर पोचल्यावर कुंडकाला आठवेचना, की आपण चिडलो होतो ते कशावर. तो चडफडत परत फिरला. चौथ्या दिवशी पुन्हा मारलेच. असे मागेपुढे होत राहिले. कधी तो चिंचेखाली नुसता बसायचा, कोवळा पाला चघळायचा आणि रिकाम्या हाताने यायचा.

"आज ओरडला नाहीत ते?" उत्पलेने एकदा विचारले.

"तोंडात चिंचेचा पाला होता," तो म्हणाला.

पण चंपिका त्याच्या हातचे काही खाईना. पौर्णिमा चार दिवसांवर आली.

त्या दिवशी चंपिकेचा धक्का लागून पाण्याचा रांजण फुटला. कुंडकाचा जीव आधीच टांगणीला लागलेला. इतक्या दिवसांचा राग एकदम उसळला. तो ताडताड निघाला. आज काही झाले तरी विसरायचे नाही, असे दातओठ खात घोकत निघाला. मागे वळून त्याने पाहिलेच नाही. चिंचेखाली पोचून तो हात वर करतो, तोच त्याच्या डोक्यावरून सोंड गेली. चंपिका मागोमाग आली होती. तिने फांदीवरचा अंकुश अलगद काढला, त्याच्या हातात दिला, आणि डोके खाली घालून, डोळे मिटून उभी राहिली.

माणसाला हवी ती वस्तू उचलून द्यायची, हे लहानपणी त्यानेच तिला शिकवले होते. हा रोज इथवर येतो, याला हेच हवे असते, एवढे तिला कळले होते.

कुंडक मटकन खाली बसला. "नको गं बाई," तो म्हणाला, "नको, नको." आणि ओक्साबोक्शी रडला. मग त्याने अंकुश पुन्हा फांदीला टांगला. चंपिकेने डोळे उघडले. वैद्य तळ्याच्या अलीकडून सगळे पाहत होता. तो पुढे आला नाही.

त्या दिवशीही तिने खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी कुंडक चिंचेखाली पाला चघळत बसला होता, तेव्हा त्याच्या हातातली डहाळी तिने ओढून घेतली आणि खाल्ली. कुंडकाने हळूच दुसरी डहाळी पुढे केली.

शरद पौर्णिमेच्या मिरवणुकीत राजा चंपिकेवरच्या अंबारीत बसला. त्याने खाली वाकून विचारले, "कुंडका, अंकुश कुठे आहे?"

"चिंचेवर, महाराज. लागला तर जाऊन घेऊन येईन."

"एवढी मिरवणूक थांबवून?"

"इथून सहाशे पावले तरी होतील, महाराज. तोवर राग कसला राहतोय!"

राजा मनमुराद हसला. पिंपळाखालून जाताना लोकांनी कुंडकाला चिडवले, "काय रे, या पौर्णिमेला दोरा नाही?"

"सवड नाही," तो म्हणाला. "सकाळी पुन्हा चालायचे आहे."

एवढी गोष्ट सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्या भिक्खू नीलकाकडे पाहिले. दर उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या व्रतदिवशी, संघासमोर नवा निश्चय जाहीर करायचा आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यावर खेकसायचे, असा त्याचा क्रम होता. "नीलका, तो माहूत तू होतास. उत्पला म्हणजे तुला सांगून सांगून थकलेली तुझी बहीण. राजा सुयाम म्हणजे भिक्खू वच्छक. आणि गजवैद्य मी होतो."

"आणि ती हत्तीण, भन्ते?"

"आज सकाळी तू रागाने फेकलेले भिक्षापात्र धुऊन तुझ्या हातात कुणी दिले?"

नीलकाने मान वळवली. शेजारी भिक्खू सुवच खाली पाहत बसला होता.

"अधिष्ठान पारमिता, निश्चयाची परिपूर्णता म्हणतात ती हीच," शास्ते म्हणाले. "ठरवलेली लहानशी गोष्ट रोज करावी, आणि आज चुकली तर उद्या पुन्हा करावी."

या वेळी नीलकाने कोणताही निश्चय जाहीर केला नाही. तो उठला, सुवचाचे पात्र त्याने उचलले आणि धुवायला नदीकडे चालू लागला.