काजळीचा श्वास

त्या प्रदेशात नदीच्या अलीकडचं रान विरळ होत चाललं होतं आणि पलीकडचं दाट. अलीकडच्या वारुळांत वाळवी उरली नव्हती, मोहाची झाडं उभ्याउभ्या वाळत होती, आणि उन्हाळा चढला की कुठे ना कुठे वणवा लागायचाच. त्यामुळे ज्याला त्याला पलीकडे जायचं होतं. नदी पोहून जाण्यासारखी नव्हती. वाट एकच होती आणि ती धबधब्यामागून जात होती. कड्यावरून पाण्याचा रुंद पडदा अखंड कोसळत असे. त्या पडद्याआड मोठ्या चोचीचा एक धनेश पक्षी बसलेला असे. त्याने पंख उचलला तर पाणी मधोमध फाटून वाट होई. नाही उचलला तर आल्या पावली मागे फिरावं लागे.

धनेशासमोर उभं राहण्याआधी बगळ्याकडून अंग तपासून घ्यावं लागे, कारण पलीकडच्यांना अलीकडच्या रोगांची धास्ती होती. आणि हे दोन्ही व्हायचं ते पाळी आल्यावर. एकदा परत पाठवलं गेलं की पुन्हा पाळी कधी येईल, हे सांगणारं कुणी नव्हतं.

काजळी नावाच्या एका अस्वलिणीची पाळी आली तेव्हा तिच्या नाकाभोवतीचे केस पांढरे झाले होते.

तिची एकुलती एक लेक, मोहा, तरुणपणीच पलीकडे गेली होती. तिकडे उंच झाडांवर मधाची पोळी लगडलेली होती आणि इतक्या उंच चढणारं कुणी नव्हतं, म्हणून तिला लगेच बोलावून घेतलं गेलं. मोहा कष्टाची होती. तिने तिकडे जम बसवला, आणि बराच काळ तिकडे राहिलेल्याला आपल्या आईला बोलावून घेण्याचा जो हक्क मिळतो, तो तिला मिळाला. तिने त्याच दिवशी आईचं नाव धनेशाच्या कानावर घातलं. पुढे उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. काजळी वाट पाहत राहिली आणि वाट पाहणं हेच एक काम असल्यासारखी ती ते नेमाने करत राहिली.

शेवटी पलीकडून येणाऱ्या चक्रवाकांच्या थव्याने दोन निरोप एकदमच आणले. पहिला असा की काजळीची पाळी आली. दुसरा मोहाचा होता. तिला दिवस गेले होते. तिने गुहा शोधून ठेवली होती, पण पिल्लं झाल्यावर गुहेच्या तोंडाशी राखण करणं आणि खाणं शोधायला जाणं ही दोन्ही कामं एकटीने होणारी नव्हती. आईने थंडी पडायच्या आत यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

काजळीने तयारीला सुरुवात केली. तयारी म्हणजे राघू, हे त्या रानात सगळ्यांनाच ठाऊक होतं. वडाच्या फांदीवर एक वयस्क पोपट बसत असे आणि पाळी आलेल्यांकडून उत्तरं घोटून घेत असे. तो स्वतः कधी पलीकडे गेला नव्हता, पण धबधब्यापासून परत पाठवलेल्या सगळ्यांशी तो बोललेला होता, त्यामुळे धनेश काय विचारतो हे त्याला पाठ होतं. रोज सकाळी वडाखाली हरणं, कोल्हे, रानडुकरं दाटीवाटीने बसत आणि एका सुरात म्हणत, की आम्ही शांत स्वभावाचे आहोत, आम्ही कुणाच्या वाटेत येणार नाही, आम्हाला तिकडे ज्यांनी बोलावलं त्यांच्यावर आमचं जिवापाड प्रेम आहे.

काजळीही त्यांच्यात जाऊन बसली. पण ती म्हणू लागली की प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिच्या छातीतून बारीक घरघर निघे. राघूने ती लगेच हेरली. सगळे उठून गेल्यावर त्याने तिला थांबवून घेतलं आणि ही घरघर कसली, असं विचारलं.

तेव्हा काजळीने त्याला वणव्याची हकीकत सांगितली. मोहा अगदी लहान होती, डोळे नुकते उघडलेले. काजळी वारूळ उकरायला गेली असताना गुहेच्या बाजूने आग आली. ती पळत परत आली तेव्हा गुहेच्या तोंडाशी पेटलेली फांदी पडली होती आणि पिल्लू तिच्याखाली होतं. पाठीवर बसून केस धरून राहण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. म्हणून काजळीने त्याची मानगूट तोंडात धरली आणि ती धुरातून नदीपर्यंत आली. पुढे मोहा बरी झाली, पण काजळीचा खोकला पावसाळा सरला तरी थांबेना. कुणीतरी अडुळसा सांगितला. तो तिने खाल्ला, जीभ कडू पडली तरी खात राहिली आणि खोकला गेला. घरघर तेवढी राहिली.

राघूने मान हलवली. त्याचं म्हणणं होतं की ही हकीकत तिने याच झाडाखाली पुरून टाकावी. पलीकडचे सगळ्यात जास्त कशाला भीत असतील तर धुराच्या खोकल्याला, कारण तो एकाचा दुसऱ्याला लागतो. बगळ्याने विचारलं की धूर गिळलाय का, तर नाही म्हणायचं. तपासताना श्वास वरच्यावर घ्यायचा, म्हणजे घरघर उमटत नाही. त्याने तिच्याकडून ते करूनही घेतलं. काजळी रोज नदीकाठी बसून वरच्यावर श्वास घेण्याचा सराव करू लागली. काही दिवसांत तिला ते जमलं. दम लागायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण आवाज येत नव्हता.

ठरल्या दिवशी ती बगळ्याकडे गेली.

बगळा उथळ पाण्यात एका पायावर उभा होता. त्याने आधी तिचे डोळे पाहिले, दात पाहिले, पंजे उलटेसुलटे करून पाहिले. मग त्याने पलीकडच्या बाभळीचे काटे तिच्या खांद्यात टोचले. हे काटे टोचून घेतले की तिकडचे आजार होत नाहीत, असं त्याने सांगितलं. खांदा ठणकत होता तरी काजळी हलली नाही. शेवटी त्याने आपलं डोकं तिच्या छातीला लावलं आणि तो थांबून राहिला. काजळीने श्वास वरच्यावर घेतला. बगळ्याने डोकं काढलं नाही. मासा वर येईपर्यंत थांबण्याची त्याला सवय होती.

मग त्याने विचारलं, "कधी धूर गिळलायत का, बाई?"

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. पण ते उच्चारायची वेळ आली तेव्हा काजळीच्या लक्षात आलं, की नाही म्हटलं तर तो दिवस झालाच नाही असं होईल. तो दिवस झाला नसेल, तर मोहाला त्या आगीतून बाहेर कुणीच आणलेलं नसेल. तिने पोटापासून खोल श्वास घेतला. घरघर बगळ्याच्या कानापाशी स्पष्ट उमटली.

"हो," ती म्हणाली.

बगळ्याने डोकं वर केलं आणि सगळं विचारून घेतलं. खोकला किती काळ होता, अडुळसा किती खाल्ला. "मध्येच सोडला नव्हता ना?" या एका प्रश्नावर तो दोनदा परत आला. मग त्याने तिला कड्याच्या सावलीत नेलं. तिथे ओलसर कपारीत कोवळं शेवाळ लावलेलं होतं. त्यावर तिला खोल श्वास सोडायला सांगितलं. छातीत धूर अजून जिवंत असेल तर शेवाळ काळं पडून मरतं, तो म्हणाला. धूर विझलेला असेल तर नुसता डाग उमटतो आणि शेवाळ वाढत राहतं. पण हे लगेच कळत नाही. एक चंद्र पुरा होऊन दुसरा उगवेपर्यंत थांबावं लागेल.

काजळी थांबली. हळूहळू थंडीला सुरुवात होत होती. सकाळचं दव जड होऊ लागलं होतं आणि चक्रवाक आणखी खाली उतरून उडत होते. राघूला कळलं तेव्हा तो वडावरून खाली आला नाही. वरूनच म्हणाला, की सांगितलेलं ऐकलं असतं तर एव्हाना लेकीजवळ असतीस. वडाखालचे सगळे तिच्याकडे कणवेने पाहत. एक हरिणी मात्र रोज तिच्यासाठी थोडी बोरं आणून ठेवत असे आणि निघून जात असे.

कपारीजवळ जायची काजळीला मनाई होती. ती रोज सकाळी समोरच्या उंचवट्यावर जाऊन बसे आणि लांबूनच तो हिरवा ठिपका पाही. सुरुवातीला त्यावर एक करडी कड आली. काजळीने त्या दिवशी काही खाल्लं नाही. पण कड पसरली नाही. मग एका सकाळी ऊन त्या बाजूला वळलं तेव्हा तिला दिसलं, की करड्या कडेच्याही बाहेरून नवे कोवळे कोंब फुटले आहेत. ती उठून उभी राहिली, आणि नुसत्या आनंदाने समोरच्या झाडावर पाठ घासत राहिली.

बगळ्याने ते शेवाळ एका शिंपल्यात ठेवलं, शिंपला चिखलाने बंद केला आणि तिच्या हाती दिला. उघडू नका, धनेशच उघडेल, असं त्याने बजावलं. जाताना मात्र त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "तिथेही असाच खोल श्वास घ्या."

धबधब्यापाशी तिच्या पुढे एक कोल्हा होता. पाण्याचा आवाज एवढा होता की ऐकू येण्यासाठी जवळ जाऊन बोलावं लागे. कोल्ह्याने वडाखाली घोटलेली सगळी वाक्यं एका दमात म्हटली. पडद्याआडून धनेशाने विचारलं, की तुला ज्या भावाने बोलावलं, तो पाऊस आल्यावर काय करतो? कोल्ह्याला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, की माझं त्याच्यावर जिवापाड प्रेम आहे. पाणी फाटलं नाही. कोल्हा शेपूट खाली घालून काजळीच्या जवळून गेला. तिने त्याला वाट दिली आणि मग ती पुढे झाली.

पडद्याआड धनेशाची फक्त आकृती दिसत होती, पिवळसर आणि हलणारी. त्याने आधी साधे प्रश्न विचारले. मोहा झोपते कशी? पालथी, नाक पंजात खुपसून, काजळीने सांगितलं. चिडल्यावर काय करते? जमीन उकरते, आणि मग उकरलेलं पुन्हा भरून टाकते. हे सांगताना तिला हसू आलं.

मग धनेश पाण्याच्या पडद्याजवळ सरकला.

"मोहा इकडे आली तेव्हा मी तिची छाती पाहिली होती," तो म्हणाला. "अस्वलांच्या छातीवर पांढरी कोर असते. आईची कोर जशी असेल तशीच लेकराची असते, हे मला ठाऊक आहे. तुमची पूर्ण आहे. तिची अर्धीच आहे."

यावरही राघूने एक उत्तर दिलं होतं. ती बापावर गेली, असं म्हणायचं. काजळीला ते आठवलंसुद्धा नाही.

"जन्मली तेव्हा पूर्ण होती," ती म्हणाली. "अर्धी वणव्यात जळली. तिथे पुन्हा पांढरे केस आले नाहीत."

"तुम्ही तिथे होता?"

"होते."

"मग तुम्ही काय केलंत?"

काजळीला त्या दिवसाचं पुष्कळ काही सांगता आलं असतं. पेटलेली फांदी, पायाखालची राख, नदी दिसत नव्हती ते. पण विचारल्याबरोबर जे आधी वर आलं तेच तिने सांगितलं.

"मी खोकले नाही."

"म्हणजे?"

"तोंडात ती होती. खोकले असते तर पडली असती."

पडद्याआड हालचाल थांबली. धनेशांच्या कुळात आई पिल्लांसाठी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसते. अंधारात, चोच तेवढी बाहेर येईल एवढ्या फटीमागे. ते त्याला आठवलं की नाही, कुणास ठाऊक. त्याने फक्त शिंपला पाण्यातून आत सरकवायला सांगितला. चिखल फोडल्याचा आवाज आला. करड्या कडेचं हिरवं शेवाळ त्याने बराच वेळ पाहिलं असावं, कारण काजळीला तेवढ्या वेळात स्वतःचा श्वास नीट ऐकू आला. ती तो लपवत नव्हती. धबधब्याच्या त्या गर्जनेतही तो आपला घरघरत होता.

मग पाण्यामागे एक प्रचंड पंख उघडला.

पाणी मधोमध फाटलं आणि दोन्ही बाजूंना सरकलं. आत ऊन होतं. आधी मधाचा वास आला, आणि मग वर चढावरून मोहाची हाक आली, जड झालेल्या अंगाने धावत येताना मधेमधे तुटणारी. "आई!"

काजळी आत शिरली. उजेडाला डोळे सरावले तेव्हा समोर पलीकडचा काठ होता. पाण्याने कापलेली, थरांवर थर चढलेली मातीची उंच कड होती आणि प्रत्येक थरात पावलं उमटलेली होती. वरच्या ओल्या चिखलाखाली मोहाचे जुने पंजे होते, त्याखाली हरणांचे खूर, रानडुकरांचे, ओळखू न येणाऱ्या कितीतरी जनावरांचे. तळाच्या थराचा दगड झाला होता. त्या दगडात लांब बोटांची दोनच जातींची पावलं होती, बगळ्याची आणि धनेशाची. त्या सगळ्या काठावर पाण्याकडे तोंड असलेलं एकही पाऊल नव्हतं. सगळी पाण्यातून निघून रानाकडे गेलेली होती, दगडातली ती पहिलीसुद्धा.

काजळीने आपला रुंद पंजा उचलला आणि ओल्या चिखलात, मोकळ्या जागी, दाबून ठेवला.